दुपारपर्यंत बरी होणारी मुलं

तंबाखूचा हंगाम सुरू झाला की सकाळी आठच्या सुमाराला तेगालसारीतली निम्मी पोरं म्बा सार्मीच्या, म्हणजे सार्मी आजीच्या, पडवीत पालथी पडलेली असायची. पहाटे ती आईबापांबरोबर सुंबिंग डोंगराच्या उतारावर पानं खुडायला जायची, आणि ऊन वर येईतो कुणाला चक्कर, कुणाला ओकारी, कुणाचं डोकं ठणकतंय, असं होत होत आया त्यांना दंडाला धरून खाली आणायच्या. सगळ्यांचं निदान एकच. अंगात वारा शिरला. आणि वारा काढावा तर म्बा सार्मीनंच, हे गावातलं लहान मूलही सांगायचं. किंबहुना लहान मूलच सांगायचं, कारण पाठ त्याचीच सोलली जायची.

सार्मीकडे डचांच्या राज्यातलं एक जाडजूड तांब्याचं नाणं होतं. आजीकडून आईकडे आलेलं, आईकडून तिच्याकडे. त्यावरचा छाप कधीच झिजून सपाट झाला होता, आणि कड पाठी घासून घासून गुळगुळीत झाली होती. खोबरेल तेलात दोन छोटे कांदे ठेचायचे, ते तेल पाठीला चोळायचं आणि मणक्यापासून बरगडीकडे नाणं दाबून ओढत न्यायचं, एकाखाली एक, माशाच्या काट्यांसारखं. पट्टे जितके लाल उठतील तितका वारा जास्त, असा हिशोब.

"हूं, ओरडायचं नाही," सार्मी म्हणायची. "बघ तरी किती वारा! सायकलच्या चाकात भरला असता तर बाजारापर्यंत जाऊन आला असतास."

पोर रडता रडता हसायचं. मग आई त्याचा सदरा खाली ओढायची आणि पुन्हा मळ्याकडे घेऊन जायची. पैसे सार्मी घेत नसे. कोणी दोन अंडी ठेवायचं, कोणी ओंजळभर तांदूळ. पण गावात कुणाकडे जेवणावळ असली की पहिलं पान म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत म्बा सार्मीला वाढलं जायचं, आणि तो मान तिला अंड्यांपेक्षा गोड लागायचा. गोड लागायचाच की. साठी उलटलेल्या विधवेला दुसरं काय असतं?

त्या मंगळवारी रांगेत तिची स्वतःचीच नात होती.

विलिस दहा वर्षांची. हाडापेरानं बारीक, डोळे मोठे, बोलायला चुरचुरीत. पण त्या सकाळी ती बोलत नव्हती. ओकून ओकून पोटात काही उरलं नव्हतं तरी ओकारी थांबेना. सलग तिसरा दिवस. आई वातिनी तिला पडवीत बसवून लगेच वर परतली होती, कारण खुडलेली पानं बांधावर तशीच पडली होती.

"म्बा," विलिस चटईवर गाल टेकवून म्हणाली, "आजच्या दिवस मला इथंच राहू दे ना. मी पडवी झाडते. बकरीला पाला घालते. सगळं करते."

"वारा निघाला की संपलं, न्दुक," सार्मी म्हणाली. घरातल्या लहान मुलीला तिथं न्दुक म्हणतात, आणि सार्मी ते असं म्हणायची की ऐकणाऱ्याला आपले लाड होताहेत असं वाटावं. "पप्पा एकटा किती करेल? तूच सांग."

पप्पा, म्हणजे सार्मीचा मुलगा गियार्तो, तेवढ्यात पायरीशी येऊन उभा राहिला. खांद्यावर गोणपाट, पायाला चिखल. "म्बोक, आटप लवकर," तो म्हणाला. गाव सार्मीला म्बा म्हणायचं. तो तिला म्बोक म्हणायचा, म्हणजे आई. "डोंगरावर ढग बघितलास? टोपी घालून बसलाय."

सार्मीनं बघितला होता. वरची पानं पिकली की ती चार-सहा दिवसांच्या वर थांबत नाहीत, आणि त्यांवर एक जोरदार सर पडली की पानाचा चिकटपणा धुऊन जातो. मग वखारवाला मूठभर तंबाखू नाकाशी नेतो आणि काही न बोलता टोपलीत परत टाकतो. वर्षभराचा तांदूळ, विलिसची वह्या-पुस्तकं, छपराची गळकी कौलं, सगळं त्या वरच्या पानांवर अवलंबून. मोठी माणसं मजुरीला मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. पण खालच्या अंगाच्या हाजीनं आपल्या मळ्यात सगळे मजूर आधीच गोळा करून ठेवले होते. राहिली कोण? पोरं. शाळेचं म्हणाल तर हंगामात शाळा नावालाच उघडी. मास्तरांचाच मळा होता. मास्तर पान खुडायला गेल्यावर हजेरी घेणार कोण?

"पोरांची बोटं बारीक," गाव म्हणायचं, "पान फाटत नाही." असं म्हटलं की सोपं जायचं.

सार्मीनं नाणं तेलात बुडवलं. आदल्या दिवशीचे पट्टे अजून तसेच होते, म्हणून तिनं त्यांच्या मधून मधून ओढलं. नातीवर जीव होता म्हणून जास्तच दाबून ओढलं. विलिस कण्हली नाही, आणि हेच सार्मीला कसंतरी वाटलं. तिनं वाकून पोरीचं तोंड बघितलं. ओठ पांढराफटक पडला होता. ते तिला दिसलं. दिसलं नाही असं ती पुढं कधीच म्हणू शकली नाही.

"चल, ऊठ. दुपारपर्यंत ठणठणीत होशील बघ. सगळी होतात."

आणि ते खरंही होतं. दुपारपर्यंत सगळी बरी व्हायची. त्यावरच तर म्बा सार्मीचं नाव चाललं होतं.

"वडापाशी हात जोडून जा," तिनं मागून सांगितलं.

मळ्याच्या वाटेवर एक जुना वड होता आणि त्याच्या मुळाशी झरा. गुडघाभर पाण्याचं डबकं, त्यात बायका हात-पाय धुवायच्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या गुडघाभर पाण्यात सार्मीची थोरली मुलगी पोनिरा पालथी सापडली होती. नऊ वर्षांची होती. पान खुडून आली होती, हाताचा चीक धुवायला वाकली आणि उठलीच नाही. गुडघाभर पाण्यात कुणी बुडतं का? गावानं सांगितलं, वडाच्या राखणदारानं ओढली. त्याच्या जागेत पोरीनं काहीतरी आगळीक केली असणार. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सार्मी वडाखाली फुलं, एक कप कडू कॉफी आणि आपल्याच मळ्यातल्या तंबाखूची एक विडी ठेवत आली होती. त्याच्यावर तिचा राग होता, आणि त्याची भीतीही होती. पण ठेवणं चुकलं नव्हतं.

तासाभरानं वरून आरडाओरडा ऐकू आला. विलिस ओल्या पानांची मोळी पाठीवर घेऊन बांध उतरताना कोसळली होती. डोळे फिरले होते, हातपाय थंडगार, तोंडातून फेसाळ पाणी. मोळी अजून तिच्या पाठीला बांधलेलीच होती.

"वडाचाच हा!" शेजारची तुकिनेम छाती बडवून म्हणाली. "आधी आत्या नेली, आता भाची!"

सार्मीचे पाय आपोआप कॉफी करायला वळले. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा तिला राखणदारच आठवला. पण गियार्तोनं मोटारसायकल चालूसुद्धा केली होती. "म्बोक, मागं बस! तिला घट्ट धर!" तो ओरडला, आणि तेवढ्यानंच सार्मी वडाकडे न जाता खालच्या आरोग्य केंद्रात गेली.

तिथं बू हेस्ती नावाची नर्स होती. पस्तिशीची, गोल चेहऱ्याची, बोलायला फटकळ पण हाताला हलकी. तिनं विलिसचा भिजलेला सदरा कात्रीनं कापून काढला, साबणाच्या पाण्यानं तिला मानेपासून कमरेपर्यंत पुसून काढलं, सलाईन लावलं. मग पोरीला कुशीवर वळवलं, पाठ बघितली आणि थांबली.

"हे कुणी केलं?"

"मी," सार्मी म्हणाली. सवयीनं थोडी ताठच बसली. "वारा शिरला होता. चांगलाच. बघा ना केवढे लाल उठलेत."

गियार्तो दारात घुटमळत होता. पोरीनं डोळे उघडलेले बघून तो खुडलेली पानं वाचवायला परत गेला. तो गेल्यावर नर्स स्टूल ओढून सार्मीसमोर बसली.

"म्बा, पावसाळ्यात किती पोरं येतात तुमच्याकडे वारा काढायला?"

"पावसाळ्यात?" सार्मीनं आठवून बघितलं. "एखाद-दुसरं."

"वारा, गारठा, ओल, सगळं पावसाळ्यात. आणि पोरं येतात कधी? ऐन उन्हाळ्यात, तंबाखूच्या दिवसांत. आणि सकाळीच का येतात?"

सार्मी विलिसच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली.

"सकाळी दव असतं. पान भिजलेलं असतं. पानातलं विष पाण्यात उतरतं आणि पाणी कातडीतून अंगात जातं. पोरांचं अंग केवढंसं. त्यांना ती तंबाखू चढते, म्बा. वारा नाही, काही नाही."

"पण दुपारपर्यंत बरी होतात की! माझ्या हातानं बरी होतात!"

"दुपारी पानं सुकतात, म्बा."

आता इथं सार्मीच्या तोंडचं पाणी पळालं. सुंठीवाचून खोकला जात होता आणि सुंठवाली मानाचं पान जेवत होती!

बू हेस्तीला तिची दया आली असावी, कारण पुढचं ती हळू बोलली. पण बोलली. "घासून लाल झालेली कातडी जास्त पिते. तिच्यावर तुम्ही सदरा ओढलात, आणि तिच्यावर ओल्या पानांची मोळी बांधली गेली. माझ्याही पाठीवर असे पट्टे असायचे, म्हणून सांगते. आमच्याही गावात अशीच एक म्बा होती, मायाळू. घरी सांगा सगळ्यांना. सांगाल ना?"

सार्मीनं हो म्हणून मान हलवली.

खाटेशी बसून तिला आठवायला नको ते आठवू लागलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला विड्यानंतर दातांवर फिरवायला तंबाखूची गुळी दिली होती. तिनं ती चोळली मात्र, आणि अख्खं घर गरगर फिरलं. घाम फुटला, ओठ पांढरे पडले, ओकली. सगळ्या बायका हसल्या होत्या. "नवरीला चढली, नवरीला चढली!" तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं की हिच्या अंगात वारा शिरला. तंबाखू चढते हे तिला ठाऊक होतं. कशी चढते, काय काय होतं, सगळं अंगावरून गेलेलं होतं. आणि नंतर चाळीस वर्षं ती गुळी तिच्या ओठात असल्यामुळे मळ्यात तिला कधीच काही झालं नाही. मोठ्या माणसांपैकी कुणालाच होत नव्हतं. कोणी ओढायचं, कोणी चघळायचं. होत होतं ते पोरांनाच. हे कळायला नर्स कशाला हवी होती? डोळे हवे होते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं तीस वर्षं चाललं होतं. आणि ती पखाल म्हणजे पोरांच्या कोवळ्या पाठी.

आणि मग पोनिरा. वाकलेली पोनिरा, हाताचा चीक धुणारी. गुडघाभर पाणी. पण चक्कर आलेल्या पोरीला गुडघाभर पाणी पुरेसं असतं.

सार्मी खाटेचा लोखंडी दांडा धरून बसून राहिली. विलिसनं पाणी मागितलं तेव्हा सार्मीला दांड्यावरची बोटं सोडवायला वेळ लागला.

बुधवारी गियार्तो न्यायला आला. विलिस मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसली. वाटेत त्यानं मान न वळवता विचारलं, "काय म्हणाली नर्स? काय झालं होतं?"

सांगायचं म्हणून सार्मीनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला पडवी दिसली, अंडी दिसली, मानाचं पान दिसलं. आणि गियार्तोची मान दिसली, उन्हानं काळी पडलेली, जिच्यावर त्याच्याही लहानपणी सार्मीनं कितीदा नाणं ओढलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"वाराच होता," ती म्हणाली. "जरा जास्त झाला इतकंच. गोळी दिलीय."

"मग उद्या येऊ शकेल ना? वरच्या चार ओळी राहिल्यात. उद्याचा दिवस मिळाला की सुटलो."

सार्मी काही बोलली नाही. गियार्तोनं त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि तो तसा घेणार हे तिला ठाऊक होतं. विलिसचं डोकं तिच्या छातीला टेकलं होतं. तिनं ते हातानं झाकून घेतलं, ऊन लागतंय म्हणून.

गुरुवारी सकाळी पडवीत चार पोरं होती. पहिली तुकिनेमची धाकटी, नानिक, सात वर्षांची. ती आली, कुणी न सांगता चटईवर पालथी पडली आणि आपल्याच हातानं सदरा मानेपर्यंत वर केला. इतकी सवय. पाठीवर मंगळवारचे पट्टे होते, आणि त्या पट्ट्यांच्या मधे पानाच्या चिकाचे हिरवट डाग होते. सार्मी इतकी वर्षं ते डाग तेलाच्या फडक्यानं पुसून मग नाणं ओढत आली होती. पुसून!

"घास की," तुकिनेम म्हणाली. "अजून दोन ओळी बाकी आहेत माझ्या."

सार्मीनं नाणं हातात घेतलं. समोर दारात विलिस उभी होती. मळ्यातला जुना सदरा घातलेला, डोक्याला फडकं बांधलेलं. तिला कुणी ओढून आणलं नव्हतं. आईनं कपडे काढून ठेवले आणि तिनं ते घातले. ती आजीकडे बघत होती. रागानं नाही. नुसतीच, आता काय सांगतेस ते सांग, अशी. तेवढ्यात गियार्तो तिला न्यायला पायरीशी आला.

"मी घासणार नाही," सार्मी म्हणाली.

"का गं, हात दुखतोय?"

"हा वारा नाही. पानाचं विष आहे, ओल्या पानाचं. पोरांना तंबाखू चढते. मी घासते त्यानं आणखी आत जातं. बू हेस्तीनं मंगळवारीच सांगितलं मला."

नानिक पालथीच होती. तिनं मान वळवून वर बघितलं.

"मंगळवारी?" गियार्तो म्हणाला. "काल तर मला म्हणालीस वारा होता."

"खोटं बोलले."

तुकिनेम कमरेवर हात ठेवून पुढं आली. "थांब, थांब. म्हणजे एवढी वर्षं तू आमच्या पोरांची पाठ सोलत होतीस ती फुकटच?"

"फुकट नाही. वाईटच करत होते."

"आणि आमची अंडी खात होतीस!"

"खात होते," सार्मी म्हणाली.

भांडणाला समोरचं माणूस लागतं, आणि समोरचं माणूस सगळं कबूल करून बसलं होतं. मग तुकिनेमनं मुद्द्याचा प्रश्न विचारला. "बरं. मग पानं कोण खुडणार? तुझी नर्सबाई येणार आहे का, पांढरे कपडे घालून? ऊन चढल्यावर खुडलं तर पान मलूल होतं, आणि पोरांना घरी ठेवलं तर खुडायला माणसं नाहीत. सांग ना, म्बा! तू एवढी शहाणी झालीस, तर सांग!"

या प्रश्नाचं उत्तर आजही गावात कुणाकडे नाही.

"ऊठ गं," तुकिनेमनं नानिकला हात धरून उठवलं. "घासायला काय, घरात चमचा आहे." ती गेली. तिच्या मागून आणखी एक गेली. उरलेल्या दोन बाया पोरांना पदराशी घेऊन उभ्या राहिल्या, धड जाईनात, धड बसेनात.

गियार्तो पायरीवर खाली बसला होता. सार्मीला वाटलं आता हा ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटलं. पण तो हातातल्या गोणपाटाचे धागे उपसत होता.

"पोनिरा," तो म्हणाला. "तीही अशीच?"

"हो."

"त्या दिवशी ती ओकली होती. मी सहा वर्षांचा होतो, मला आठवतंय. माझी मोळी मला झेपेना, मी रडायला लागलो. तिनं माझीही मोळी घेतली. दोन घेऊन उतरली." त्यानं नाक पुसलं. "हे मी कुणाला सांगितलं नाही कधी."

"तू लहान होतास, बाळा."

"मग ही कोण मोठी आहे?" त्यानं विलिसकडे बोट दाखवलं, आणि ते बोट बघून त्याचाच चेहरा वेडावाकडा झाला. काल उद्याचा दिवस मागणारा तोच होता. तो उठला, विलिसच्या डोक्याचं फडकं सोडलं, घडी करून स्वतःच्या खिशात घातलं आणि एकटाच मळ्याकडे चालू लागला. आईशी तो पुढचे कित्येक दिवस कामापुरतंच बोलला. त्यात नवल काय?

सार्मी त्याच्या मागोमाग गेली. ती आणि वातिनी आणि गियार्तो, तिघांनी मिळून दुपारपर्यंत अडीच ओळी खुडल्या. सार्मीच्या हातांना चीक लागला, सदरा भिजला, मोळ्या पाठीवरून उतरवून ती कमरेतून वाकडी झाली, आणि तरीही तिला ना चक्कर आली ना मळमळ. तिला वाटत होतं एकदा तरी यावी. तीन वाजता सुंबिंगवरून पाऊस उतरला आणि उरलेल्या दीड ओळीतली पानं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धुऊन निघाली. वातिनी बांधावर उभी राहून रडली. त्या वर्षी कौलं बदलली नाहीत, आणि बकरी विकावी लागली. विलिस तिला पाला घालायची ती.

आणि गाव? दुसऱ्या दिवशी त्या दोन बायांची पोरं खताच्या प्लॅस्टिकच्या गोण्यांना भोकं पाडून, त्या अंगात घालून मळ्यात दिसली. बाकीची पूर्वीसारखीच. तुकिनेमच्या घरातून चमच्याचा आवाज नाही, पण नानिकचा यायचा.

पण हे नंतरचं. त्या गुरुवारी पाऊस थांबल्यावर, उजेड होता तोवर, सार्मीनं नेहमीप्रमाणे फुलं घेतली, कॉफी केली, तंबाखूची विडी वळली. विलिस म्हणाली, मी येते. दोघी निसरड्या वाटेनं वडापाशी गेल्या. डबक्यात पाणी थोडं चढलं होतं. तरी गुडघाभरच.

इतकी वर्षं सार्मी तिथं बसली की मनातल्या मनात एकच म्हणायची: घेतलीस ती घेतलीस, आता पुरे. आज तिनं आधी चप्पल काढली. मग हात जोडले आणि पोरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"तू नाही नेलीस तिला. मी अठ्ठावीस वर्षं तुझ्यावर आळ घेतला. मीच घासून पाठवली होती. तिचा ओठ पांढरा पडला होता. मला दिसला होता." तिनं डबक्याकडे बघितलं. "तेव्हाही दिसला होता. मला माफ कर."

वडाच्या पारंब्यांवरून पावसाचं पाणी ठिबकत होतं. विलिस कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून उभी होती.

"म्बा, मग हे ठेवायचं का नाही?"

"ठेव. बिचाऱ्यानं उगाच शिव्या खाल्ल्या माझ्या."

"आणि तंबाखू?"

"ती नको."

विलिसनं कप मुळाशी ठेवला, सांडणार नाही असा नीट टेकवून. फुलं पाण्याच्या कडेला पोनिरासाठी ठेवली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं आजीकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी तू पोनिरा आत्यावर ओरडली होतीस? ती जात नव्हती म्हणून?"

"नाही, न्दुक," सार्मी म्हणाली. "गोड बोलून पाठवलं होतं. तुला पाठवलं तसंच."